पेढी टिकली तरच मोहल्ला टिकेल

मुंबईच्या भेंडीबाजारातून आज पायी निघालात तर एकाच रस्त्यावर दोन शहरे दिसतात. एका बाजूला पस्तीस-चाळीस मजल्यांच्या नव्या इमारती, लिफ्ट, वाहनतळ आणि काचेची दारे. दुसऱ्या बाजूला शंभर-सव्वाशे वर्षांच्या चाळी, टेकू लावलेले सज्जे आणि तळमजल्यावर कुलपे, बिजागऱ्या, दोरखंड, पत्र्याच्या ट्रंका, अत्तर आणि मिठाई विकणारी दुकाने. काही वर्षांत दुसरे शहर संपेल आणि पहिलेच उरेल, हे सांगायला ज्योतिषी नको.

या बदलाकडे पाहणारी दोन मते आपल्या समाजात ऐकू येतात. एक मत असे की, पडक्या चाळींत काय ठेवले आहे, सगळे पाडा आणि नवे बांधा. दुसरे मत असे की, आमचा वारसा नष्ट होत आहे, एक वीटही हलवू नका. पहिले मत बहुधा ज्याला नवी खोली मिळणार आहे त्याचे असते. दुसरे बहुधा ज्याला त्या चाळीत रात्र काढावी लागत नाही त्याचे असते. दोन्ही मते मांडणारे प्रामाणिक असतील, पण दोघांच्याही नजरेतून एक गोष्ट सुटते. मोहल्ल्याचा इतिहास भिंतीत कमी आणि धंद्यात जास्त असतो. भिंत नवी बांधता येते. एकदा उठलेली पेढी आणि एकदा पांगलेला कारागीर पुन्हा त्या जागी बसत नाही. म्हणून इतिहास जपण्याचा प्रश्न हा आधी आपल्या रोजीरोटीचा प्रश्न आहे आणि तो व्यापाऱ्यांनी व कारागिरांनी स्वतः हाती घेतला पाहिजे, एवढेच मला या लेखात सांगायचे आहे.

जुने ते सगळे जपावे काय?

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करू. जुन्या इमारती जशाच्या तशा राहाव्यात, असे म्हणण्याचा अधिकार कुणालाही नाही. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी सकाळी पाकमोडिया स्ट्रीटवरील हुसैनी इमारत कोसळली. बकरी ईद दोन दिवसांवर आली होती. ३३ माणसे ढिगाऱ्याखाली मरण पावली. ती इमारत शंभरहून अधिक वर्षांची होती आणि तिच्या धोक्याची जाणीव आधीपासून होती. त्या दिवशी जे गेले त्यांच्या घरच्यांपुढे लाकडी नक्षीच्या सज्जाचे कौतुक करण्याची हिंमत कुणाला होईल? माणसाच्या जिवापेक्षा मोठा वारसा नाही.

या चाळी अशा का झाल्या, तेही समजून घेतले पाहिजे. १८६९ साली सुएझ कालवा खुला झाला, त्याच वर्षी क्रॉफर्ड मार्केट बांधून झाले आणि मुंबई बंदराचा व्यापार वाढत गेला. गुजरात, कच्छ, कोकण आणि उत्तर हिंदुस्थानातून माणसे आली. अनेकजण बायकामुले गावी ठेवून एकटे आले. त्यांच्यासाठी एका खोलीची, सामाईक संडासांची चाळ उभी राहिली. पुढे त्याच एका खोलीत कुटुंब आले, मुले झाली, सुना आल्या. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडे सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून ठेवले. गरीब भाडेकरूला त्या कायद्याने मोठा आधार दिला, हे मान्य करावेच लागेल. पण घरमालकाला दुरुस्तीत रस उरला नाही. इमारती इतक्या खंगल्या की, १९६९ साली सरकारला दुरुस्ती मंडळासाठी कायदा करून उपकर बसवावा लागला. उपकरप्राप्त इमारत हा शब्द तेव्हापासून दक्षिण मुंबईतील प्रत्येक भाडेकरूच्या तोंडी आहे.

म्हणून पुनर्बांधणी हवी, यात वाद नाही. भेंडीबाजारचे काम त्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. दाऊदी बोहरा समाजाचे तत्कालीन धर्मगुरू मरहूम सय्यदना मोहम्मद बुऱ्हानुद्दीन यांच्या प्रेरणेने २००९ साली सैफी बुऱ्हानी अपलिफ्टमेंट ट्रस्ट स्थापन झाला. सुमारे १६.५ एकर जागा, सुमारे २५० जुन्या इमारती, ३,२०० कुटुंबे आणि १,२५० दुकाने यांचा एकत्रित विकास करण्याचे हे काम आहे. एकेक चाळ सुटी सुटी पाडण्याऐवजी सगळा मोहल्ला एकदम बांधायचा, याला समूह विकास म्हणतात. भाडेकरूला मालकी हक्काने घर आणि दुकानदाराला मालकी हक्काने दुकान, हे त्याचे सूत्र आहे. या कामावर टीका असेल, विलंबाच्या तक्रारी असतील. परंतु नफ्यासाठी आलेल्या विकासकाने नव्हे तर एका समाजाने आपल्या वस्तीसाठी हे काम हाती घेतले, ही गोष्ट इतर मोहल्ल्यांनी लक्षात घ्यावी. प्रश्न असा आहे की, जिथे असा ट्रस्ट नाही, जिथे फक्त विकासक आणि विखुरलेले भाडेकरू आहेत, तिथे काय होईल? डोंगरी, नागपाडा, मदनपुरा, नळबाजार या सगळ्या वस्त्या त्याच वाटेवर आहेत.

मोहल्ल्याला नाव कोणी दिले?

आपल्या भागातील नावे एकदा सावकाश वाचा. तांबाकाटा म्हणजे जिथे तांबे तोलले जाई ती जागा. कुंभारवाडा, लोहार चाळ, तेली मोहल्ला, छिपी चाळ. अब्दुल रेहमान स्ट्रीटला पूर्वी रंगारी मोहल्ला म्हणत. सारंग स्ट्रीट आणि नाखुदा मोहल्ला ही नावे जहाजावरच्या माणसांची आहेत. सारंग म्हणजे खलाशांचा मुकादम आणि नाखुदा म्हणजे जहाजाचा तांडेल किंवा मालक. पायधुणी म्हणजे जिथे पाय धुतले जात ती जागा. भेंडीबाजार या नावाविषयी दोन गोष्टी सांगतात. कुणी म्हणतात, इथे भेंडीची झाडे होती. कुणी म्हणतात, बाजाराच्या मागचा भाग या अर्थाच्या इंग्रजी शब्दांचा तो अपभ्रंश आहे. खरे काहीही असो, यातले बहुतेक नाव कोणत्याही राजाने किंवा पुढाऱ्याने दिलेले नाही. हातांनी काम करणाऱ्या माणसांनी दिले आहे.

कोकणी मुसलमानांना तर या भागाचा इतिहास परका नाहीच. क्रॉफर्ड मार्केटजवळची जामा मशीद १८०२ साली बांधून पूर्ण झाली. तिच्या खाली जुना तलाव आहे आणि तिची व्यवस्था कोकणी जमातीने सांभाळली. रोगे घराण्यातील मोहम्मद अली रोगे यांच्यासारख्या कोकणी सागरी व्यापाऱ्यांनी या मशिदीच्या बांधकामाला पुढे हात लावला. म्हणजे मशिदीच्या मिनारामागेही गलबतांचा व्यापार उभा आहे. मराठी वाचकाला डोंगरी आठवते ती १८८२ साली टिळक आणि आगरकर यांनी तिथल्या तुरुंगात काढलेल्या १०१ दिवसांमुळे. त्या तुरुंगाच्या भोवती वसलेला मुसलमान कारागीर मात्र मराठी पुस्तकांत फारसा दिसत नाही. त्याचा इतिहास कुणी लिहिला नाही. तो इतिहास त्याच्या दुकानाच्या पाटीवर, वहीत आणि हातात राहिला.

एक उदाहरण संगीताचे घेऊ. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बिजनौरकडून आलेले छज्जू खाँ, नजीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ हे तीन भाऊ या भागात राहिले. त्यांच्या गायकीला लोकांनी भेंडीबाजार घराणे असे नाव दिले. बाजाराचे नाव मिळालेले दुसरे घराणे मला आठवत नाही. नजीर खाँ यांनी गोमंतकीय परंपरेतील अंजनीबाई मालपेकर यांना घडवले. छज्जू खाँ यांचे चिरंजीव अमान अली खाँ यांच्याकडे लता मंगेशकरांनी काही काळ तालीम घेतली. त्या उस्तादांच्या खोल्या आज कुणी दाखवू शकेल असे वाटत नाही. पण घराणे जिवंत राहिले, कारण उस्तादाने शागिर्दाला दिले आणि शागिर्दाने पुढच्याला दिले. भिंत गेली, तालीम टिकली. कारागिरीचेही तेच आहे. जोपर्यंत हाताखाली शिकणारा मुलगा आहे आणि काम देणारे गिऱ्हाईक आहे तोपर्यंत वारसा आहे. ते तुटले की इमारतीवर निळी पाटी लावून काही उपयोग नाही.

न्यायाने सांगायचे तर सगळेच नुकसान विकासकाने केलेले नाही. मुंबईच्या उर्दू वर्तमानपत्रांची पाने पूर्वी कातिब हाताने लिहीत. १९३८ साली सुरू झालेल्या ‘इन्किलाब’सारख्या दैनिकांच्या मागे कातिबांची पलटण असे. १९९४ साली उर्दू मजकूर जुळवणारी इनपेज ही संगणक प्रणाली आली आणि थोड्या वर्षांत तो पेशा ओसरला. कातिबांना कोणी घराबाहेर काढले नव्हते. काळाने काढले. काही पेशे असे जाणारच आहेत. त्यांची निदान नोंद तरी राहावी. आणि जे पेशे आजही कमावून खात आहेत, त्यांना केवळ जागा नाही म्हणून मरू देणे, हे मात्र आपले पाप ठरेल.

गिरणगावचा धडा

मुंबईत हे पहिल्यांदा घडत नाही. जानेवारी १९८२ मध्ये डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर अनेक गिरण्या पुन्हा पूर्ण ताकदीने कधी चालल्याच नाहीत. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनी विकण्याची वाट उघडली. २००१ सालच्या दुरुस्तीने खुल्या जागेसाठी आणि कामगारांच्या घरांसाठी सोडायची जमीन फारच कमी केली. पुढे गिरण्यांच्या जागी मॉल, कचेऱ्या आणि उंच इमारती आल्या. कुठे धुराडे शोभेसाठी उभे ठेवले.

धुराडे राहिले, पण खानावळी गेल्या. भजनी मंडळे, शाहिरी, कामगारांची वाचनालये आणि व्यायामशाळा ओसरल्या. कामगाराचा मुलगा डोंबिवलीला किंवा विरारला गेला. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणी कामगारांच्या तोंडून त्यांच्या आठवणी लिहून घेतल्या आणि २००४ साली त्यांचे पुस्तक आले. काम मोलाचे झाले. पण ते होईपर्यंत संपाला वीस वर्षे उलटून गेली होती आणि सांगणारे कितीतरी लोक निघून गेले होते. आपल्या मोहल्ल्यात अजून भट्टी पेटते आहे, हातोडा चालतो आहे. नोंद घ्यायची वेळ हीच आहे. फातिहा पढायच्या वेळी जन्मतारीख शोधत बसण्यात शहाणपण नाही.

धोका ताबा मिळाल्यानंतर सुरू होतो

पुष्कळ लोकांची समजूत आहे की, नव्या इमारतीत दुकान मिळाले की लढाई संपली. व्यापारी म्हणून हिशेब करून पाहा, खरी लढाई तिथून सुरू होते.

जुन्या चाळीत दुकानाचे भाडे फार थोडे होते. पागडी देताना मोठी रक्कम गेली, पण नंतर महिन्याचा खर्च किरकोळ राहिला. १९४७ च्या कायद्याने पागडी हा गुन्हा होता, तरी तिच्यावरच सगळा बाजार चालला. १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने ती अखेर मान्य केली. जागा दुसऱ्याला देताना मालकाला ठरलेला हिस्सा द्यावा लागे, त्यामुळे जागा सहजासहजी हात बदलत नसे. एका अर्थाने पागडीनेच जुन्या पेढ्यांना त्यांच्या जागी बांधून ठेवले. दुकान विकण्यापेक्षा मुलाने चालवणे फायद्याचे होते.

नव्या इमारतीत तुम्ही मालक झालात. आता लिफ्ट, पाणी, पहारेकरी, सफाई, आगीपासून संरक्षणाची यंत्रणा या सगळ्यांचा देखभाल खर्च दरमहा येणार. दुकानावर मालमत्ता कर येणार. बिजागऱ्या विकणाऱ्याचा नफा मात्र होता तेवढाच राहणार. त्याच वेळी दलाल येऊन सांगणार की, शेजारच्या गाळ्याला इतके कोटी मिळाले. ज्या तीन भावांत एक दुकान आहे त्यांच्या घरी त्या रात्री काय चर्चा होईल, हे मी सांगायला नको. दुकान विकले जाते, भावांचे वाटे पडतात, कुणी मुंब्र्याला मोठी जागा घेतो, कुणी मीरा रोडला. १९९२-९३ च्या दंगलींनंतर असंख्य कुटुंबे याच वाटेने गेली. पण तेव्हा माणसे राहायला गेली तरी पेढी इथेच होती. सकाळच्या लोकलने मालक परत मोहल्ल्यात येत होता. आता पेढीच गेली तर परत यायचे कारण काय?

मग त्या गाळ्यात मोबाइलचे शोरूम, मोठ्या कंपनीची बेकरी किंवा बँकेचे पैसे देणारे यंत्र येते. त्यात गैर काही नाही, व्यापार कुणाच्या बापाचा नसतो. पण दहा बिजागरीवाल्यांपैकी सहा गेले की उरलेल्या चौघांचाही धंदा बसतो. गिऱ्हाईक भेंडीबाजारात का येतो? एका गल्लीत दहा दुकाने असतात, भाव ताडून पाहता येतो, एकाकडे नसलेला माल शेजारी देतो म्हणून येतो. एका धंद्याची गल्ली हीच त्या धंद्याची खरी दौलत आहे. ती कुठल्याही सातबाऱ्यावर किंवा करारनाम्यात लिहिलेली नसते. म्हणून ती कुणी मोजत नाही आणि ती गेल्याची भरपाईही कुणी देत नाही.

कागदावर नसलेला कारागीर

दुकानदाराचे निदान नाव तरी कुठेतरी लागते. कारागिराचे काय? पोटमाळ्यावर बसून जरीकाम करणारा, जिन्याखाली किल्ली घासणारा, मागच्या अंगणात ट्रंका ठोकणारा, खोलीत आठजण मिळून पिशव्या शिवणारा हा माणूस भाडेकरू नसतो. तो पोटभाडेकरू असतो किंवा कुणाच्या तोंडी परवानगीने बसलेला असतो. त्याच्या घरात कच्चा माल आणून बटवे, गोंडे, टोप्या तयार करणारी त्याची पत्नी तर कुठल्याच नोंदीत नसते. उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासात १३ जून १९९६ नंतर निर्माण झालेली भाडेदारी धरली जात नाही. दुकानदाराला जागा मिळते ती त्याच्या ताब्यातल्या नोंदलेल्या क्षेत्राएवढी. फळी, ओटा, बाहेरची भट्टी हे त्या मोजणीत बसवणे कठीण. म्हणजे दुकान परत येते, पण दुकानाला माल पुरवणारा हात परत येत नाही. सहा महिन्यांनी दुकानदार तोच माल बाहेरून तयार आणतो आणि म्हणतो, कारागीर मिळत नाहीत.

वारसा जपण्याचे सरकारी नियमही इथे अपुरे पडतात. मुंबईसाठी १९९५ साली वारसा नियमावली आली. तिने इमारती आणि परिसर यांना श्रेण्या दिल्या आणि त्यामुळे अनेक सुंदर वास्तू वाचल्या. पण ती नियमावली वास्तूंसाठी आहे. तिच्यात कमानीला श्रेणी आहे, कमानीखाली चाळीस वर्षे कलई करणाऱ्याला नाही.

या बाबतीत माझा स्वतःचा एक अनुभव सांगतो. आमच्या वडिलांचे कुलपांचे छोटे दुकान होते. इमारतीची मोजणी झाली तेव्हा आमच्याकडे जुन्या कागदांची मागणी झाली. आम्ही भाऊ घाबरून गेलो. शेवटी पोटमाळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत भाडेपावत्यांची जाडी गड्डी निघाली आणि आमचे काम झाले. त्याच ट्रंकेत वडिलांच्या उधारीच्या वह्या होत्या. कोणत्या कारागिराकडून किती डझन कड्या आल्या, कोणाच्या मुलीच्या निकाहसाठी किती आगाऊ दिले, कोणत्या ईदला बाजार मंदा होता, सगळे त्यात होते. भाऊ म्हणाला, पावत्या ठेवू, वह्या रद्दीत देऊ. मी त्या घरी आणल्या. त्या दिवशी मला उमगले की, हक्काचा कागद आणि इतिहासाचा कागद एकाच ट्रंकेत असतो. पहिल्याला आपण जपतो, दुसऱ्याला किलोवर विकतो.

काय करता येईल?

नुसते दुःख करणे हे व्यापाऱ्याचे काम नाही. करता येण्यासारख्या काही गोष्टी मी मांडतो.

१) प्रत्येक दुकानाचे आणि कारखान्याचे दप्तर नीट करा. भाडेपावत्या, वीजबिले, जुने गुमास्ता परवाने, विक्रीकराच्या नोंदी, वारसांची कागदपत्रे एकत्र ठेवा आणि त्यांच्या प्रती वेगळ्या जागी ठेवा. २०१७ च्या नव्या दुकाने कायद्यानुसार थोडे कामगार असलेल्या लहान दुकानाला गुमास्ता परवाना लागत नाही, फक्त सूचना द्यावी लागते. त्यामुळे १९४८ च्या कायद्याखालचा जुना परवाना ही आता दुर्मिळ आणि मोलाची गोष्ट झाली आहे. तो फेकू नका. लहान कारागिराने २०२० पासून सुरू झालेली उद्यम नोंदणी करून घ्यावी. तिला शुल्क नाही. ती मालकीचा पुरावा नसली तरी हा धंदा अस्तित्वात आहे, एवढे तरी कागदावर येते.

२) सरकारी मोजणी येण्याआधी आपली मोजणी आपण करा. गल्लीच्या संघटनेने एक वही घ्यावी. कोणता कारागीर कुठे बसतो, काय करतो, किती वर्षे करतो, कोणाकडून शिकला, किती माणसे त्यावर जगतात, हे लिहावे. घरी काम करणाऱ्या स्त्रियांची नावेही लिहावीत. ही वही करारनाम्याच्या वेळी कामाला येईल आणि पन्नास वर्षांनी तीच मोहल्ल्याचा इतिहास होईल.

३) करारनाम्यात फक्त चौरस फूट पाहू नका. दुकान तळमजल्यावर आणि रस्त्याला तोंड करून मिळणार काय? एका धंद्याची दुकाने एका रांगेत येणार काय? हातगाडी लावायला, माल उतरवायला जागा आहे काय? भट्टी, घासकाम, ठोकाठोकी करणाऱ्यांसाठी सामाईक कारखान्याची जागा आहे काय? तात्पुरती जागा गिऱ्हाईकाच्या पायाखालची आहे की चार स्टेशने दूर? देखभाल खर्चासाठी कायम निधी आहे काय? हे प्रश्न सही करण्याआधी विचारायचे असतात. सही झाल्यावर ते विनंत्या होतात.

४) विकायचेच असेल तर आधी शेजाऱ्याला विचारा. आपल्याकडे हक-ए-शुफा ही जुनी कल्पना आहे. हनफी फिक्हमध्ये भागीदाराबरोबर शेजाऱ्यालाही आधी विचारणा मिळण्याचा हक्क मानला आहे. आजच्या न्यायालयात शेजाऱ्याच्या या हक्काला फारसे बळ नाही, हे खरे. पण गल्लीतील व्यापाऱ्यांनी आपसांत ठराव करून, गाळा बाहेर विकण्याआधी त्याच धंद्यातील माणसाला बाजारभावाने घेण्याची संधी द्यायची ठरवली तर त्याला कुणाची हरकत आहे? ज्याच्याकडे पूर्ण रक्कम नाही त्याच्यासाठी पतसंस्था किंवा दोघा-तिघांची भागीदारी असा मार्ग काढता येतो. एक गाळा वाचला तर गल्लीतले दहा धंदे वाचतात.

५) वृद्ध कारागिरांचे बोलणे जतन करा. आज प्रत्येक मुलाच्या हातात मोबाइल आहे. त्यावर तासभर दादाजींना बोलू द्या. काम करताना त्यांचे हात टिपा. हत्यारांची नावे विचारा, कारण ती नावे कोशातही सापडणार नाहीत. या नोंदी घरात पडून राहू नयेत. अंजुमन-ए-इस्लामची करीमी लायब्ररी आहे, जामा मशिदीचा कुतुबखाना आहे. अशा ठिकाणी त्यांची प्रत देण्याचा प्रयत्न करा. मशिदींच्या आणि जमातींच्या विश्वस्तांकडेही जुन्या दुकानांची भाडेवही, देणग्यांच्या नोंदी आणि नकाशे असतात. ते वाळवीच्या आधी वाचकाच्या हाती पडावेत.

एक आक्षेप

या सगळ्यावर कुणी म्हणेल, मुलांना कुलपे घासायची नाहीत. त्यांना संगणकावर बसायचे आहे. त्यांना जबरदस्तीने मोहल्ल्यात का बांधता? आक्षेप योग्य आहे. माझाही मुलगा दुकानात बसत नाही आणि मी त्याला सांगतही नाही. कोणत्याही मुलाला बापाच्या हातोड्याशी बांधून ठेवणे हा वारसा नव्हे, ती कैद आहे. पण ज्याला पुढे चालवायचे आहे, किंवा गावाहून नवा येऊन शिकायचे आहे, त्याच्यासाठी जागा तरी शिल्लक असावी की नाही? शंभर वर्षांपूर्वी कच्छहून, बिजनौरहून, रत्नागिरीहून आलेल्या माणसाला या मोहल्ल्याने एक ओटा दिला म्हणून आपण इथे आहोत. तो ओटा आपल्या हातात अमानत होता. पुढच्या येणाऱ्याला आपण काय देणार, भिंतीवर जुन्या बाजाराचे छायाचित्र?

नवी इमारत घ्या. पक्के छप्पर, स्वतःचा संडास, वर जायला लिफ्ट हा आपल्या आईबहिणींचा हक्क आहे आणि तो फार उशिरा मिळत आहे. पण घेताना मोजमाप पुरे करा. खोलीचे करता तसे गल्लीचे करा, दुकानाचे करता तसे कारागिराचेही करा.

आणि सुरुवात मोठ्या परिषदेने नको, आपल्या पोटमाळ्यापासून करा. येत्या सुट्टीच्या दिवशी दुकानातील जुनी ट्रंक खाली उतरवा, धूळ झटका आणि घरातल्या एका लहान मुलाला शेजारी बसवा. पावत्या एका बाजूला लावा, वह्या दुसऱ्या बाजूला. त्यातले एक पान त्याला वाचून दाखवा. रद्दीवाल्याला बोलवायचे की नाही, ते मग ठरवा.